आईची आगोट

माझं माहेर नदीच्या मुखाशी आहे. एवढं साधं वाक्य आता लोकांना समजावून सांगावं लागतं, याचा मला मनस्वी संताप येतो. एस.टी.चा कंडक्टर माझ्या गावाला ‘फाटा’ म्हणतो. ‘फाटावाले उतरा’ असं ओरडतो आणि घंटीची दोरी ओढतो. मी पडले मास्तरीण, चूक ऐकून गप्प बसायची सवय नाही. एकदा त्याला म्हटलं, अरे बाबा, फाटा रस्त्याला फुटतो, गाव त्याच्या पुढं असतं. तर तो म्हणतो कसा, “पुढं काय हाय बाई? चिखल नि तिवरं.” मागच्या बाकावरचे दोघे हसले. ते दोघे माझ्याच गावचे होते.

पन्नासच्या दशकात, मी परकरात असताना, तिथं बंदर होतं. दगडी धक्का होता, धक्क्याला मचवे लागायचे, कौलं भरलेली गलबतं यायची, मुंबईची लाँच यायची. जकातीची चौकी होती आणि चौकीतला शिपाई स्वतःला कलेक्टर समजायचा. खाडीच्या दोन्ही अंगांना मिठागरं होती. गावात घड्याळं मोजकी आणि तीही शोभेची. आम्ही तिथी विचारायचो. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा जोर कमी. तिथी कळली की भरती कधी, ओहोटी कधी, लाँच धक्क्याला लागणार की प्रवाशांना गुडघाभर चिखलातून यावं लागणार, हे शेंबडं पोरही सांगायचं. लग्नाचा मुहूर्त भटजी काढायचे, पण वऱ्हाड कधी निघणार ते खाडी ठरवायची.

माझे वडील मिठाचे व्यापारी. ते लवकर गेले. मी एकुलती एक. आईनं रडणं आटोपलं आणि ओटीवर बसून धंदा हातात घेतला. मीठ होतंच, त्याला तिनं सुक्या मासळीची जोड दिली. धक्क्यावर कोळणी आल्या की ही पदर खोचून तिथं हजर. बोंबील, मांदेली, जवळा, कोलंबी, सगळं स्वतः निवडून घ्यायची. कोलंबी सोलून तिचे सोडे करायची. अंगणात चटया पसरून मासळी वाळवायची, आणि ती वाळत असताना तिच्याकडं बघायची सुद्धा दुसऱ्या कुणाला परवानगी नव्हती. मी एकदा मदत म्हणून जवळा हलवला, तर म्हणाली, “तुझा हात वला हाय. सोड.” माझा हात ओला नव्हता.

हे सगळं चालायचं ते आगोटीसाठी. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. चार महिने खाडी खवळलेली, शेतं पाण्याखाली, वाटा बंद, तेव्हा घरात मीठ आणि सुकी मासळी हवी. वैशाखात वरच्या गावांचे शेतकरी गाड्या जुंपून बंदरात उतरायचे. येताना घरचा तांदूळ आणायचे, जाताना आगोट न्यायचे. आईचा एक नियम होता. आगोट पाठवायची नाही. ज्याला हवी त्यानं दारात यायचं, ओटीवर बसायचं, पाणी प्यायचं आणि न्यायची. कुणी निरोप धाडला की ‘अमक्याच्या गाडीत टाकून द्या’, तर त्याला त्या वर्षी आगोट मिळत नसे.

माझे सासरे असेच दर वैशाखात यायचे. त्यांचं गाव चौक नावाच्या बाजारगावाकडून लोधिवलीकडं जाताना लागतं, नदीच्या अगदी काठावर. नदी तीच, आमच्या खाडीला येऊन मिळते ती. मागं माथेरानचा डोंगर, पुढं भाताची खाचरं. वर्षानुवर्षं आमच्या ओटीवर बसून त्यांनी मला वाढताना पाहिलं. मी सातवीची परीक्षा पास झाले त्या वैशाखात आईला म्हणाले, “विहीणबाई म्हनू का तुमाला? लेक आमाला द्या, मंग आगोट घरचीच.” आईनं होकार दिला. त्यांनी मुलाला बायको केली की घराला सोडे, हे कोडं मला आजतागायत उलगडलेलं नाही.

सासरी आले आणि पहिला धक्का नदीनं दिला. तिथं भरती-ओहोटी नव्हती. म्हणजे होती, पण भलतीच. वर घाटाखाली पॉवरहाऊस होतं. डोंगरावरच्या तळ्यांचं पाणी तिथं वीज करून नदीत सुटायचं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालायच्या असं म्हणत. गिरण्या चालू, तर नदी भरलेली. गिरण्यांना सुट्टी, तर नदी रोडावलेली. त्यामुळं आमच्या सासरच्या गावात रविवारचं पाणी वेगळं असायचं. गोधड्या रविवारी धुवायच्या, वाळू रविवारी काढायची, पलीकडच्या खाचरात गाडी न्यायची तर रविवारी, नदीतून सरळ. दिवाळीत तर नदी इतकी बारीक व्हायची की पोरं मधल्या खडकावर जाऊन फटाके उडवायची. मी चंद्रावर वाढलेली, हे लोक वारावर जगत होते.

मला मुलगा झाला तेव्हा आई पहिल्यांदा आली. तोवर लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तिचा बाणा. आली ती जवळ्याचं गाठोडं घेऊनच. दुपारी काठावर जाऊन बसली. थोड्या वेळानं तिच्या पायाशी पाणी चढलं. ती तडक घरात आली.

“आज तिथी कंची गं?”

“अष्टमी,” मी म्हटलं.

“आट्टमीला भर दुपारी भरती? गाव हाय का काय हे!”

माझ्या यजमानांनी तिला पॉवरहाऊस समजावून सांगितलं. त्यांना यंत्रांची भारी हौस. जमिनीवर काटकीनं पाईप काढून दाखवले, चाक काढलं, बाण काढले. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला आत येऊन म्हणाली, “तुझा नवरा भला हाय, पन त्याला कायतरी कुनीतरी भरवून दिलंय.”

सासरे होते तोवर सगळं सुरळीत होतं. ते अष्टमी गाठून निघायचे. बंदराच्या अलीकडं खाडीचा एक फाळका, म्हणजे आत शिरलेली शाखा, ओलांडावी लागे, पूल नव्हता, ओहोटीला तळाच्या दगडांवरून गाडी जायची. भांगाच्या दिवशी भर दुपारी ओहोटी, त्यामुळं सासऱ्यांचे बैल कधी पोटापर्यंतही भिजले नाहीत. मग सासरे वारले आणि पुढच्या वैशाखात गाडी माझ्या यजमानांच्या हातात आली.

शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गाडीत होते, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. निघायच्या आदल्या दिवशीच मी त्यांना सांगितलं होतं.

“अहो, उद्या अमावस्या आहे.”

“असू दे की. उद्या रविवार हाय.”

“रविवारचा काय संबंध?”

“रविवारी पानी कमी असतं गं. जन्मापासून बघतूय मी.”

“ते इथं! खाडीला तुमच्या गिरण्यांशी काय करायचंय?”

“नदी तीच ना? वरूनच पानी कमी सुटलं तर खाली कुठनं येनार?”

आता या तर्काला काय म्हणावं? मी कपाळावर हात मारून घेतला. शाळेत असं उत्तर देणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. नवऱ्याला कुठं उभं करणार? ते आपले शांतपणे तांदळाची पोती बांधत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला फाळक्यापाशी पोचलो. पाणी चढत होतं. मला दिसत होतं, बैलांनाही दिसत होतं, ते पुढं पाय टाकेनात. यजमान म्हणाले, “बघ, कमीच हाय,” आणि गाडी घातली. मध्यावर आलो तोच उधाणाचा लोंढा आला. बघता बघता बैलांच्या मानेपर्यंत पाणी. तांदळाची पोती तरंगली नाहीत, ती भिजून बसली. मी साड्यांचं गाठोडं डोक्यावर धरून गाडीच्या साट्यावर उभी, यजमान बैलांची वेसण धरून गळ्याइतक्या पाण्यात, आणि पलीकडं धक्क्यावर अख्खं बंदर जमलेलं. होडीवाल्यांनी दोर टाकून आम्हाला ओढून काढलं.

यजमान निथळत धक्क्यावर आले. आई पुढं आली. तिनं बैलांना हात लावून पाहिला, मला वर-खाली पाहिलं, सगळे जिवंत असल्याची खात्री केली आणि मग विचारलं, “जावईबापू, उधानाच्या दिवशी गाडी कशी घातली?”

यजमान खरं बोलले. खोटं बोलता आलं असतं, पण तो गुण त्यांच्यात नाही. म्हणाले, “रविवार होता म्हनून.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग आईला पॉवरहाऊसची गोष्ट आठवली. ती अशी हसली, अशी हसली की तिला धक्क्याच्या दगडावर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाली, “जावईबापू, आमच्या खाडीला रविवारची सुटी नसते वो!”

धक्का हसून गडाबडा लोळला. पोरांना तर खेळच मिळाला. आम्ही तिथं होतो तोवर यजमान रस्त्यानं निघाले की एखादं कार्टं ओरडायचं, “आज खाडीला सुटी हाय का वो?” त्यांनी मान वर केली नाही. भिजलेला तांदूळ आईनं वाळत घातला, ओटीभर पसरला, त्यांना जेवायला सोडे घालून भात केला. ते दोन घास खाऊन उठले. घरी पोचल्यावर म्हणाले, “पुढच्या सालापासनं चौकात टेंपोवर घ्यायचं. समदं मिळतं तिथं.”

मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हा माणूस गावात कुणाशी मोठ्यानं बोलत नाही, कुत्र्याला हाड म्हणताना त्याला संकोच वाटतो, आणि एका हशापायी त्यानं सासुरवाडीचा उंबरा वर्ज्य केला. आईही काही कमी नव्हती. मी म्हटलं, दोन शब्द गोड बोल, निरोप पाठव. ती म्हणाली, “मी काय खोटं बोलली? अमुशाला गाडी घालनारा मानूस मी दुसरा बघितला नाय.” तिच्या दृष्टीनं ती चूक नव्हतीच, ती करमणूक होती. दोघांच्या मध्ये मी, अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी.

आगोट मात्र आईनं बंद केली नाही. आणि मीही चौकातली मासळी घरात येऊ दिली नाही. दर वैशाखात मी एकटी एस.टी.नं जायची आणि आगोट घेऊन यायची. तोवर हमरस्त्यावर खाडीवर पूल झाला होता. सुक्या बोंबलांची गोण घेऊन एस.टी.त चढणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. कंडक्टर म्हणायचा, टपावर टाका. टपावर टाकली तर कावळे मागं लागायचे. आत घेतली तर बायका नाकाला पदर लावायच्या, आणि नाकाला पदर लावूनच विचारायच्या, “कसे दिलेत?” शाळेतला एखादा विद्यार्थी त्याच गाडीत निघायचा आणि सोमवारी वर्गात खसखस पिकायची.

प्रत्येक खेपेला बंदर थोडं कमी झालेलं असायचं. पूल झाला तशी लाँच बंद झाली. लाँच बंद झाली तशी जकातीची चौकी उठली, तिच्यात कुणीतरी शेळ्या बांधल्या. गाळ कुणी उपसेना, धक्क्यापुढं चिखल साचला, चिखलात तिवरं उगवली. मोठे मचवे दुसऱ्या बंदरांना गेले. बाजारपेठ उचलून हमरस्त्याच्या फाट्यावर गेली, कारण गिऱ्हाईक आता बसमधून उतरत होतं. आधी चहावाला गेला, मग शिंपी, मग वाणी. मी चिडून विचारायची, अरे, तुम्ही सगळे गाव सोडून रस्त्यावर काय बसलात? तर म्हणायचे, “गावात हाय कोन?” अहो, तुम्ही निघून गेलात म्हणून कुणी नाही! पण हे त्यांना समजावणार कोण.

इकडं सासरीही सगळं बदलत होतं. चौकात गॅरेजं आणि ढाबे झाले. आमच्या नदीकाठानं कारखाने आले. खाचरं विकली गेली. यजमानांनी बैल विकून कारखान्यात फिटरचं काम धरलं आणि ते तिथं फार सुखात होते, एवढी यंत्रं एका जागी त्यांना जन्मात मिळाली नव्हती. काही वर्षांनी नदीचं पाणी कधी तांबूस दिसू लागलं, कधी त्यावर फेस. आई म्हणायची, “आदी वरनं तांदूळ येयाचा. आता काय काय येतं, देव जानं.” कोळी सांगायचे, खाडीत जवळा पूर्वीसारखा येत नाही. कशामुळं येत नाही, याचं उत्तर प्रत्येकाकडं वेगळं होतं.

खरा घोर वेगळाच होता. खाडीच्या कडेनं मातीचा बांध होता, खारं पाणी गावात शिरू नये म्हणून. पूर्वी घराघरातून एकेक माणूस जाऊन तो दर उन्हाळ्यात दुरुस्त करी. आता घरं रिकामी, माणसं फाट्यावर, बांधाला हात लावायला कुणी नाही. तो फुटला. तेव्हापासून दर अमावस्या-पुनवेला खाडीचं पाणी आईच्या अंगणात यायचं, मोठ्या उधाणाला ओटीवर चढायचं. विहीर खारट झाली. शेजारची दोन्ही घरं बंद. आणि आई, सत्तरीला टेकलेली, त्या घरात एकटी. उधाण आलं की पाटावर पाट रचून त्यावर मासळीच्या गोण्या ठेवायची आणि स्वतः खाटेवर पाय घेऊन बसायची, पाणी उतरेपर्यंत.

मी म्हटलं, चल माझ्याकडं. एकदा नाही, दर खेपेला म्हटलं. विनवलं, रागावले, रडले. ती म्हणायची, “जिच्या घरचा मानूस माज्या दारात याया लाजतो, तिच्या दारात मी ऱ्हायाला येऊ? कंच्या तोंडानं?”

“अगं, पण पाणी घरात येतंय!”

“येतं नि जातं. मानसासारखं अडून नाय बसत.”

घरी येऊन यजमानांना म्हटलं, एकदा जा, आगोट आणा, ती लगेच येईल. ते म्हणायचे, “त्यांना येऊ दे ना. मी कवा नको म्हनलो? खोली रंगवून ठेवतो.” आणि खरोखरच त्यांनी खोली रंगवली. आईला पाण्याचा त्रास नको म्हणून नळ आत घेतला. पण बंदरात जायचं नाव काढलं की उठून सायकलची चेन बघायला जायचे. मला कधी कधी वाटायचं, दोघांना एका खोलीत कोंडावं आणि किल्ली खाडीत टाकावी.

असं करता करता ऐंशीचं दशक उजाडलं. एका वैशाखात मी नेहमीप्रमाणं गेले. आईनं गोण तयार ठेवली होती. या वर्षी ती फारशी बोलली नाही. चटया अंगणात पसरलेल्या होत्या, पण रिकाम्या. मी गोण घेऊन आले आणि रात्रीच्या जेवणाला बोंबील भाजले.

यजमानांनी एक तुकडा मोडला. वास घेतला. मग उठले, कोपऱ्यातल्या गोणीपाशी गेले, तिचं तोंड ज्या सुतळीनं शिवलं होतं ती निरखून पाहिली आणि परत येऊन पाटावर बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी त्यांच्याकडंच बघत राहिले.

“ह्यो चौकातल्या टेंपोचा माल हाय,” ते म्हणाले. “निळी सुतळी तोच वापरतो. तो फाट्यावर पन गाडी लावतो.”

मी एक बोंबील हातात घेऊन पाहिला. जाडा, पिवळट, मिठात बुडवलेला. आमच्या खाडीचा नव्हताच. आईला यंदा मासळी मिळालीच नव्हती. तिनं फाट्यावरून गोण विकत घेतली होती, पुन्हा अंगणात ऊन दाखवलं होतं, आणि आपली म्हणून मला दिली होती.

इतकी वर्षं हा माणूस सांगत होता की चौकात सगळं मिळतं, आणि आज त्याच्या पानात त्याचा विजय वाढलेला होता. मी हातातली पळी उगारूनच म्हटलं, “एक शब्द बोललात तर बघा. आजच नाही, कधीच नाही.”

ते तो तुकडा चावत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, “फाट्यापासनं घरापतूर गोन कुनी नेली?”

“कोण नेणार? गावात आहे कोण? तिनंच.”

त्यांनी पान अर्धवट ठेवलं आणि हात धुतले. दारापाशी जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “आट्टमी कवा हाय?”

“आता अष्टमी कशाला? आगोट तर आली.”

“मी नाय आनली,” ते म्हणाले.

रविवारी त्यांना सुट्टी होती, पूल होता, रस्ता डांबरी होता, भरती-ओहोटीचा कशाशी काही संबंध उरला नव्हता. मी म्हटलं, उद्याच रविवार आहे, उद्याच जाऊ. तर म्हणाले, “रविवारी नको.” अष्टमी बुधवारी येत होती. आभाळ भरून आलेलं, पाऊस केव्हा कोसळेल नेम नाही, आणि हे तिथीची वाट बघत बसले. कारखान्यात रजा टाकली, ओळखीच्या ड्रायव्हरचा टेंपो सांगितला, त्यात घरच्या तांदळाचं पोतं चढवलं. मी रागानं त्यांच्याशी बोलतच नव्हते. जायला तयार नव्हते तेव्हा वर्षानुवर्षं नव्हते, आणि तयार झाले तर पंचांग घेऊन.

टेंपो आईच्या दारापर्यंत गेला नाही, रस्ताच उरला नव्हता. यजमानांनी पोतं पाठीवर घेतलं. आई ओटीवर बसली होती. भिंतीवर पाण्याची रेघ दिसत होती, खाटेच्या पायांपर्यंत. तिनं आधी मला पाहिलं, मग माझ्यामागं वाकून येणारा माणूस पाहिला. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आज वार कंचा?” तिनं विचारलं.

“बुधवार,” यजमान म्हणाले. “पन आट्टमी हाय. बघून आलोय.”

तिच्या ओठांचा कोपरा हलला. मला धडकी भरली, ही आता हसणार. पण तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ते ओटीवर बसले, पाणी प्यायले, पोतं तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “आगोट न्यायला आलू.”

आईकडं काहीच नव्हतं, जे होतं ते मी नेलं होतं. ती उठून आत गेली. आतून डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत राहिले. मी उठणार तोच यजमानांनी मला हातानं बसवलं. आई बाहेर आली. तिच्या पदरात मूठभर जवळा होता, जुना, रंग उडालेला.

“ह्यो आपल्या खाडीचा हाय,” ती म्हणाली. “एवडाच ऱ्हायलाय.”

गोणीतल्या मालाबद्दल ती एवढंच बोलली. यजमानांनी खांद्यावरचा पंचा काढला, पसरला, तो जवळा त्यात घेतला आणि दोन गाठी मारल्या. मग म्हणाले, “आई, आता चला.” तिनं घरावरून एकदा नजर फिरवली, कोयंडा घातला आणि निघाली. एवढंच करायचं होतं हो! एवढ्यासाठी इतकी वर्षं, इतकी उधाणं, इतक्या गोण्या माझ्या डोक्यावर. हेच धक्क्याला पाणी होतं तेव्हा केलं असतं, तर तिनं बंदर जिवंत असताना सोडलं असतं. टेंपोत मी दोघांनाही बोल बोल बोलले. दोघं मुकाट ऐकत बसली, एका बाजूला.

आई आमच्याकडं राहिली, पण आगोट सुटली नाही. वैशाख आला की ती मला चौकात पिटाळायची. टेंपोवरून मासळी आणायला लावायची, अंगणात चटई टाकून तिला उन्हं द्यायची, आणि अष्टमीला तिथंच बसून राहायची. ओटीवरून अंगण ते केवढं! तरी यजमानांनी उठायचं, कणगीतून पायलीभर तांदूळ घ्यायचा, पायरी उतरून तिच्यासमोर ठेवायचा, तिनं दिलेलं पाणी प्यायचं आणि मासळी उचलून स्वयंपाकघरात आणायची. मग तोच तांदूळ अंगणातून उचलून त्याच कणगीत ओतायचं काम माझं. म्हटलं, हा काय पोरखेळ चालवलाय? तर दोघंही माझ्याकडं अशी बघायची, की मलाच काही कळत नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या वैशाखात मी चौकातून मासळी आणून सरळ डब्यांत भरायला घेतली. म्हटलं, सुटले एकदाची. बाहेर बघते तर यजमान पायरीवर उभे, हातात तांदळानं भरलेली पायली, आणि अंगण रिकामं. खाली उतरावं की आत यावं, त्यांना कळत नव्हतं. मी खूप बोलणार होते. डबे तसेच ठेवले, कोपऱ्यातली चटई घेतली, अंगणात टाकली आणि तिच्यावर जाऊन बसले.